डाव्या कानाची खूण

बी.एस्सी.ला प्राणीशास्त्र घेणाऱ्याला दोन गोष्टी लागतात, असं आमचे सर पहिल्याच तासाला म्हणाले होते: पोट घट्ट आणि हात स्थिर. माझा हात स्थिर होता. पोटाची मात्र बोंब होती. मेंढरं राखणाऱ्या घरात जन्मलो, जत्रेत बोकड पडताना बघत वाढलो, आणि प्रयोगशाळेत बेडकाच्या पोटाला कात्री लागली की मीच पांढरा पडायचो. पहिल्या सहा महिन्यांत दोनदा बाहेर पळत जाऊन ओकलो. उंदीर-बेडूक आणून देणारे प्रयोगशाळेतले चाचा मला बघून मान हलवायचे. "मियाँ, तुम कायकू आए इधर? हिस्ट्री लेना था."

चाचांचं चुकत नव्हतं. मला जे प्राणी आवडायचे ते कोणालाच फाडता येणार नव्हते, कारण ते हजारो वर्षांपूर्वीच संपले होते. हा नाद मला लागला तो एका दाढेमुळे. आमचं गाव पाचोडच्या पलीकडे. धरणाचं पाणी चढण्याआधी माझे वडील पैठणच्या बाजूला गोदावरीच्या काठाने मेंढरं घेऊन जायचे. तिथल्या दरडीत त्यांना विटेएवढा एक जड, पन्हाळ्यापन्हाळ्यांचा दगड सापडला. आमच्या घरी तो दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावायला वापरत. कॉलेजात आल्यावर मी तो पिशवीत घालून सरांना दाखवला. सरांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "ही हत्तीची दाढ आहे. पण आज जो हत्ती आहे त्याची नाही." त्या दिवशी मी जेवायला विसरलो.

मग ग्रंथालयातलं एक जाडजूड चित्रांचं पुस्तक मी जवळपास मुक्कामालाच घेतलं. मॅमथ, कट्यारीसारख्या सुळ्यांचा वाघ, मोठ्या शिंगांचा रानबैल, मानेला झूल असलेला कसलासा जिराफाचा पूर्वज. शहरातल्या छावणी भागात, बाजाराच्या मागच्या गल्लीत माझी खोली होती. दुपारी कॉलेज सुटलं की खिडकीतला उजेड जाईपर्यंत मी काढत बसायचो. रीत अशी की आधी पुस्तकातला सांगाडा हलक्या हाताने उतरवायचा, मग त्यावर मांस चढवायचं, मग कातडी, मग केस. पुस्तकात मांस कसं असतं ते नसायचं. ते मी आमच्या मेंढ्यांवरून घ्यायचो. मेंढी बसताना मागचा पाय कसा दुमडते, उन्हात मान कशी खाली घालते, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. त्यामुळे माझा मॅमथ केव्हाही उठून दुसऱ्याच्या रानात घुसेल असा दिसायचा.

आणखी एक गोष्ट माझ्या चित्रांत असायची. मेंढरं राखणाऱ्या प्रत्येक घराची कानावरची एक खूण असते. कोकरू लहान असतानाच कानाला काप देतात, म्हणजे कळप एकमेकांत मिसळले तरी आपलं जनावर ओळखता येतं. आमची खूण डाव्या कानाच्या शेंड्याला एक खाच आणि खालच्या कडेला एक चीर. लहानपणी घराच्या भिंतीवर कोळशाने मेंढरं काढायचो तेव्हापासून माझा हात डावा कान तसाच काढत आला. मॅमथच्या कानालाही मी खाच दिली. आधी गंमत म्हणून. माझ्या कळपातला आहे म्हटलं हा. पुढे पुढे ती गंमत आहे हेही लक्षात राहिलं नाही.

माझ्या टेबलावर माझ्यासोबत एक मुलगा होता, परभणीकडच्या एका खेड्यातला. त्याच्यासारखे हात मी पुढे मोठ्या मोठ्या प्राध्यापकांचेही पाहिले नाहीत. बेडकाची कवटी उघडून आतली नस तो अशी मोकळी करायचा की सर बाकीच्या टेबलांना बोलावून दाखवायचे. माझा बेडूकही बहुतेक वेळा तोच उघडून द्यायचा. मी तोवर खिडकीबाहेर बघत असायचो. चित्रकलेत मात्र त्याचा आनंदीआनंद होता. जर्नलमध्ये, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वहीत, आकृत्या शिसपेन्सिलीने काढायच्या असतात, रेघ एकेरी आणि छाया द्यायची तर टिंबांनी. त्याच्या रेघा थरथरायच्या आणि त्याचा उंदीर एका बाजूला कलंडलेला असायचा. पण आम्ही सगळे पाठ्यपुस्तकातली आकृती छापल्यासारखी उतरवायचो, तर तो समोर ट्रेमध्ये जे दिसतंय तेच काढायचा. त्या दिवशीच्या उंदराचं आतडं वाकडं असेल तर त्याच्या वहीतही वाकडंच.

एकदा तो खोलीवर आला आणि भिंतीवरचा माझा सुळेवाला वाघ बघत उभा राहिला.

"ह्यो जबडा एवढा उघडायचा म्हणलं तर स्नायू इथून नाय येणार," तो म्हणाला. "मागून घ्यावा लागंल. कानामागून."

मी खोडलं आणि मागून घेतला. वाघ बदललाच. एकदम भीती वाटावी असा झाला. त्यानंतर तो आठवड्यातून दोनदा यायचा. मी काढायचो, तो स्नायू सांगायचा. पण माझी थट्टाही करायचा. "हाडं घावली तेवढंच खरं, गड्या. बाकीचं समदं तू मेंढरावरून ढकलायलास. त्या जनावराला इचारलं का कुणी?"

तो कोणत्या वस्तीतला हे मला, आणि मी कोणत्या घरचा हे त्याला, पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. आडनावं असतातच की. त्याचा आम्हा दोघांत कधी अडथळा झाला नाही असं मी तेव्हा अभिमानाने म्हणायचो. आता म्हणत नाही. शहरात त्या दिवसांत दोनच विषय होते. एक चिकलठाण्याला रोज नव्याने उठणारे कारखाने. माझ्या गल्लीतली निम्मी पोरं शिक्षण सोडून तिकडे चिकटली होती आणि सकाळी शिफ्टच्या बसला लोंबकळत जायची. दुसरा विषय नामांतर. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून मोर्चे निघत, आणि देऊ नये म्हणूनही निघत. तो नाव मागणाऱ्यांच्या मोर्चात जायचा. मला एकदा म्हणाला, "चल की." मी म्हणालो, रानबैलाची शिंगं अर्धीच झालीत. तो हसला आणि एकटा गेला. शिंगं त्या दिवशी पुरी झाली, हेही मला आठवतं.

मग त्या पावसाळ्यात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. कॉलेज बंद पडलं, मी गावी गेलो. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही. आम्ही गाववाले हे वाक्य अजूनही छाती काढून सांगतो. जे झालं ते असं: खालच्या वस्तीला पिठाची गिरणी बंद झाली, रानातलं काम बंद झालं. तिथल्या एका म्हाताऱ्याची दोन एकर जमीन होती. दर वर्षी ठरल्याप्रमाणे त्याच्या रानात आमची मेंढरं बसायची, लेंड्यांचं खत व्हावं म्हणून. वडिलांनी त्याला शब्द दिला होता. गावातली चार माणसं आमच्या दाराशी येऊन नुसती उभी राहिली, फार काही बोललीही नाहीत. दुसऱ्या दिवशी वडिलांनी कळप उलट्या बाजूला वळवला. म्हातारा बांधावर उभा राहून बघत होता. मी कळपाच्या मागे होतो, काठी माझ्या हातात होती.

"आपल्याला काय करायचंय," वडील म्हणाले. "आपण हिंडणारी माणसं. उद्या ह्यांच्याच रानातून जायचंय." मी मागे रेंगाळलेली मेंढी काठीने पुढे हाकली. बोलायला हवं होतं. तेव्हाही कळत होतं.

कॉलेज उघडलं, आमचं शेवटचं वर्ष सुरू झालं, तरी माझा दोस्त आला नाही. तो आला दिवाळीनंतर. अंगावरचा शर्ट दुसऱ्याच कोणाचा असावा, खांद्याला मोठा होत होता. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "घर गेलं. माणसं हायेत." पुस्तकं, वह्या, जर्नल सगळं घरासोबत गेलं होतं. आई मामाकडे होती. त्यापलीकडे त्याने कधी काही सांगितलं नाही आणि मी त्याला सांगू दिलंही नाही, कारण मीच बोलत सुटलो. वडिलांचं, कळपाचं, बांधावरच्या म्हाताऱ्याचं सगळं त्याच्यापुढे ओतलं. त्याने ऐकून घेतलं. "बरं," म्हणाला.

सर चांगले होते. राहिलेली प्रात्यक्षिकं कॉलेज सुटल्यावर करून दे, मी सह्या करतो, असं त्यांनी त्याला सांगितलं. चाचांनी उंदरांची सोय केली. त्याने महिन्याभरात सगळ्यांच्या बरोबरीला येईल एवढी चिरफाड उरकली. राहिल्या होत्या आकृत्या. तीस-बत्तीस तरी असतील. जर्नल पुरं नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत, आणि नापास झाला की त्याची स्कॉलरशिप बंद. घर गेल्यावर त्याच्याकडे तेवढं एक वर्षच उरलं होतं.

"मी काढतो," मी म्हणालो.

"नको."

"अरे, तुला महिना लागेल. मी पंधरा दिवसांत—"

"नको म्हणलं ना. जमंल तशी काढतो."

तिसऱ्यांदा तो नको म्हणत असतानाच मी त्याच्या हातातून वही घेतली. तो चिडला होता, पण थकलाही होता. "तुला लईच हौस हाय," एवढंच म्हणाला आणि सोडून दिलं. खरं सांगतो, त्या पंधरा दिवसांत मी खूप आनंदात होतो. त्या पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच मला शांत वाटत होतं. टिंबं देत बसायचो आणि वाटायचं, मी काहीतरी करतोय. बेडूक, शार्क, सरडा, मग सस्तन प्राणी: उंदराची पचनसंस्था, उंदराचं रक्ताभिसरण, वटवाघूळ, ससा. मी इतकं सुंदर माझ्या स्वतःच्या जर्नलमध्येही काढलं नव्हतं. त्याने आकृत्यांखाली नावं लिहिली, सरांनी सह्या केल्या. तपासताना चाचा शेजारी उभे होते. सशाच्या पानावर बोट ठेवून मला हळूच म्हणाले, "इसका कान किसने काटा?" मी हसलो. चाचांची सवयच चेष्टेची, म्हणून पुन्हा वळून बघितलंही नाही.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. वयस्कर, धोतरातले, शेतकरी घरातले वाटावेत असे. आम्हाला उंदीर उघडायला होते आणि ते टेबलावर बसून जर्नलं चाळत होते. माझं जर्नल त्यांनी उघडलं आणि मोठ्याने हसले.

"काय रे, हा उंदीर मेंढवाड्यातला का? माझ्या मामाकडं कळप होता. खूण ओळखतो मी."

मीही हसलो. लाजत म्हणालो, "सवय आहे, सर." त्यांना आवडलं ते. चित्रांना छान म्हणाले. आणि तोपर्यंत त्यांनी खालचं जर्नल ओढलं होतं, माझ्या दोस्ताचं. पानं उलटली. हसू गेलं. माझं जर्नल पुन्हा उघडून त्यांनी दोन्ही शेजारी ठेवली.

त्याला बोलावलं. आडनाव विचारलं, मग गाव विचारलं. मला यातलं काही विचारलं नव्हतं.

"तुमच्या घरी मेंढरं आहेत?"

"नाय, सर."

"मग ह्या उंदराच्या कानाला हे काय आहे?"

तो वाकून बघायला लागला. त्याने ती खाच तेव्हा पहिल्यांदाच पाहिली असावी. उंदराच्या कानाकडे त्याचं कधी लक्षच नव्हतं. त्याचं सगळं लक्ष आत असायचं. तो बघत राहिला. परीक्षक माझ्याकडे वळले.

"ह्या तू काढल्यास?"

मला पहिला वर्ग मिळणार हे ठरल्यासारखं होतं. एम.एस्सी.ला प्रवेश, मग नोकरी, घरात पहिलाच. दुसऱ्याचं जर्नल लिहिणाऱ्याचीही परीक्षा रद्द होते, हे नोटीस बोर्डावर लिहिलेलं होतं. विचार करायला वेळ लागला नाही, याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

"नाही, सर."

"मीच काढल्यात," तो लगेच म्हणाला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही.

परीक्षकांनी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला. उंदीर काढ म्हणाले. त्याने काढला, थरथरत्या रेघांचा, एका बाजूला कलंडलेला, समोरच्या ट्रेमधल्या उंदरासारखाच. परीक्षकांनी मान हलवली आणि जर्नलवर लाल शाईने शेरा मारला. ट्रेमधली त्याची चिरफाड त्या बॅचमधली सगळ्यात सुरेख होती. आमचे सर ती दाखवायला पुढे झाले, दोन शब्द बोललेही. परीक्षक म्हणाले, "चिरफाड बघितली मी. पण नियम आहे." वाकड्यातिकड्या आकृत्या काढल्या म्हणून आमच्या विभागात कधी कोणी नापास झालं नव्हतं, हे मला पुढे कळलं. त्याच्या स्वतःच्या आकृत्या असत्या तर मार्क कमी पडले असते, एवढंच.

दोन दिवसांनी मी त्याच्या होस्टेलवर गेलो. खाट रिकामी होती. निकालात त्याच्या नावापुढे नापास होतं, माझ्यापुढे पहिला वर्ग. तो चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागला असं कोणीतरी सांगितलं. मी त्या रस्त्याला बरेचदा गेलो. शिफ्ट सुटायच्या वेळेला मात्र कधीच गेलो नाही. सरांना खरं सांगायचं मी दर आठवड्याला ठरवायचो. एम.एस्सी. झालं, मग नोकरी लागली, मग सर निवृत्त झाले.

चित्रं सुटली नाहीत. लाज वाटूनही नाद सुटत नाही, हे माझं मलाच विचित्र वाटतं. फक्त मॅमथ, वाघ, बैल थांबले आणि मी डायनोसॉर काढू लागलो. त्यांना बाहेर दिसणारे कान नसतात.

पंधरा वर्षांनी, विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या वर्षीच्या जूनमध्ये, औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकांच्या दुकानात तो भेटला. कानशिलं पांढरी झालेली, खिशाला कारखान्याचा बिल्ला. काउंटरवर डिसेक्शनची पेटी उघडून एकेक कात्री उजेडाला धरून बघत होता. थोरल्या भावाची मुलगी अकरावी सायन्सला गेली होती.

"वळखलंस का?" तोच म्हणाला.

दुकानाबाहेर पायरीवर आम्ही उभे राहिलो. पंधरा वर्षं घोकलेलं सगळं मी घाईघाईने बोलून टाकलं. मी खोटं बोललो, घाबरलो, तुझं वर्ष घेतलं, मला माफ कर. त्याने मला पुरतं बोलू दिलं.

"त्ये व्हय?" तो म्हणाला. "त्येचं काय एवढं. भ्यालास. त्या साली गप बसणारे गावोगाव हुते. तू बोलला असतास तरी दोघं बी गेलो असतो."

"म्हणजे राग नाही तुझा?"

"हाय की." पेटी त्याने पिशवीत नीट बसवली. "मी तुला तीनदा नको म्हणलं हुतं. माझी चित्रं घाण हुती, पर माझी हुती. तुला त्या म्हाताऱ्याच्या रानाचं लागलं हुतं. तिकडं जाऊन काय करायचं ते करायचंस. माझी वही कामून घेतलीस?"

त्या म्हाताऱ्याकडे मी कधी गेलोच नव्हतो. तोवर तो वारलाही होता. पंधरा वर्षं मी परीक्षेतल्या त्या दोन शब्दांची माफी मागायची तयारी करत होतो, आणि ज्याची मागायला हवी होती ते मी चांगलं काम म्हणून मनात जपून ठेवलं होतं.

रिक्षा थांबली. तो आत बसला, पिशवी मांडीवर घेतली. काहीतरी बोलायलाच हवं म्हणून मी वाकून म्हणालो, "पोरीला काही अडलं तर पाठव माझ्याकडे. आकृत्या वगैरे, मी बघतो."

त्याने माझ्याकडे क्षणभर बघितलं. मग रिक्षावाल्याला म्हणाला, "चल भाऊ, चिकलठाणा."